प्रावरणातले द्रायू, शिलारस आणि बदलणारी खनिजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी लोकांना दगड दाखवताना आणि एम.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मदर्शकावर बसवताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न शाळकरी मुलांचे आहेत, काही संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्यांचे. त्यामुळे उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. माझं म्हणणं मात्र आधीच सांगते. प्रावरणातून वर आलेला दगड जन्मला तसाच राहिला आहे, असं फार क्वचित घडतं. त्याच्यात नंतर झालेला बदल दोष समजून बाजूला सारला, तर त्याची निम्मी गोष्ट आपण टाकून देतो.

तीन शब्दांबद्दल: ‘प्रावरण’ म्हणजे पृथ्वीचं वरचं कवच आणि मधला गाभा यांच्यामधला जाड थर. ‘शिलारस’ म्हणजे जमिनीखाली वितळलेला दगड. ‘द्रायू’ म्हणजे वाहू शकणारा कोणताही पदार्थ, मग तो द्रव असो की वायू. खोलवरच्या दाबाखाली पाणी धड द्रवही नसतं आणि धड वाफही नसते, म्हणून तिथे ‘द्रायू’ हाच शब्द सोयीचा पडतो.

पुण्याखाली तर सगळा काळा दगड आहे. मग प्रावरण कुठे सुरू होतं?

काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, हा वरचा थर आहे. कोयना परिसरात खोल विंधनविवरं घेतली तेव्हा साधारण ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक लागले. त्या खडकांसकट सगळं मिळून कवच होतं आणि आपल्या भागात ते ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे. पुणे स्टेशनावरून लोकलने तळेगावला जाताना जेवढं अंतर कापतो, साधारण तेवढं सरळ खाली गेलात की प्रावरण लागेल. तिथून ते २,९०० किलोमीटरपर्यंत, गाभ्याच्या सीमेपर्यंत पसरलेलं आहे.

प्रावरण म्हणजे वितळलेल्या लाव्हाचा समुद्रच ना?

नाही. हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतल्या लालभडक चित्रांमुळे घट्ट बसला आहे. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात. खडक तापलेला आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात तो हळूहळू सरकतोही, पण आहे दगडच. वितळलेला भाग काही ठिकाणीच असतो आणि तिथेही बहुधा अगदी थोडा.

या दगडाचं नाव पेरिडोटाइट. त्यात हिरवट ऑलिव्हीन सर्वात जास्त, मग ऑर्थोपायरॉक्सीन, थोडं गर्द हिरवं क्लायनोपायरॉक्सीन आणि ॲल्युमिनियम धरून ठेवणारं एक खनिज. हे शेवटचं खनिज खोलीप्रमाणे बदलतं: उथळ भागात प्लॅजिओक्लेज, त्याखाली स्पिनेल आणि ७०-८० किलोमीटरच्या खाली गार्नेट, म्हणजे आपला तामडा.

घट्ट दगडातून द्रायू किंवा शिलारस जातो कसा?

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत आठवा. जमिनीतली ओल मातीच्या आणि चुन्याच्या कणांमधून वर चढते आणि भिंतीला लोणा लागतो. भिंत फुटलेली नसते, तरी पाणी कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोचलेलं असतं. प्रावरणातही वाट अशीच, कणांच्या कडाकडांनी जाते. दोन फरक मात्र ध्यानात ठेवा. भिंतीतलं पाणी मीठ मागे ठेवून उडून जातं, खोलवरचा द्रायू खनिजांशी देवाणघेवाण करतो. शिवाय तिथे तापमान हजार अंशांच्या घरात आणि १०० किलोमीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे ३०,००० पट असतो.

वाट मोकळी राहणार की तुटणार, हे एका कोनावर ठरतं. द्रायूचा थेंब दोन कणांमध्ये जिथे शिरतो तिथे तो जो कोन करतो, तो ६० अंशांपेक्षा कमी असेल तर थेंब कडांवर पसरून एकमेकांना जोडले जातात आणि एक टक्क्याहून कमी द्रायूचंही सलग जाळं तयार होतं. कोन मोठा असेल तर थेंब कोपऱ्याकोपऱ्यांत अडकून पडतात. कार्बोनेटी, म्हणजे सिलिकेटऐवजी कार्बोनेटने भरलेल्या, शिलारसाचा कोन लहान असतो आणि तो पातळही असतो, म्हणून तो दूरवर झिरपतो. कार्बन डायऑक्साइडने भरलेला द्रायू मात्र अडकतो. ऑलिव्हीनच्या पोटात त्याचे बारीक बुडबुडे रांगेने बंद झालेले दिसतात ते यामुळेच. पाण्याचं वागणं खोलीप्रमाणे बदलतं: उथळ भागात ते अडखळतं, दाब आणि तापमान वाढलं की पसरायला लागतं.

दुसरी वाट भेगांची. द्रायूचा दाब वाढला की खडक तडकतो, भेग भरते आणि तिची शीर बनते. शिरेपासून बाजूच्या खडकात झिरपण सुरू होते. एकाच तुकड्यात शिरेजवळ भरपूर बदल आणि चार बोटांवर जवळजवळ काहीच नाही, असं मी स्वतः पाहिलं आहे.

याला मेटासोमॅटिझम म्हणतात ना? रूपांतरणाहून ते वेगळं कसं?

रूपांतरणात दाब आणि तापमान बदलल्यामुळे खनिजांची नव्याने मांडणी होते, पण खडकाचा रासायनिक जमाखर्च साधारण तोच राहतो. मेटासोमॅटिझममध्ये बाहेरून काही येतं आणि आतलं काही जातं. खडक घन राहूनच त्याचं रसायन बदलतं.

वाघोलीच्या खाणीतली निळी स्फटिकं हेच का?

नातं आहे, पण दूरचं. वाघोलीचा कॅव्हान्साइट, त्याच्याबरोबरचे स्टिलबाइट आणि ह्युलँडाइट, ही सगळी बेसाल्टच्या पोकळ्यांत गरम पाण्याने आणून बसवलेली खनिजं आहेत. पाण्याने दगडातून मूलद्रव्यं उचलायची आणि दुसरीकडे ठेवायची, हे तत्त्व तेच. फक्त तिथलं तापमान फार कमी आणि जागा जमिनीलगतची. मुलांना मी सुरुवात तिथूनच करून देते, कारण पाणी दगडाचं काय करतं हे हातात धरून पाहता येतं.

प्रावरणातल्या बदलाचे प्रकार कोणते?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

पहिला प्रकार उघड. पेरिडोटाइटमध्ये एरवी नसणारी खनिजं उगवतात: फ्लोगोपाइट नावाचं तांबूस अभ्रक, ॲम्फिबोल, ॲपटाइट, कधी इल्मेनाइट, रुटाइल किंवा कार्बोनेट. अभ्रक दिसलं की पोटॅशियम आणि पाणी आलं होतं, ॲपटाइट दिसला की फॉस्फरस आला होता, इतकं साधं वाचन. फ्लोगोपाइटमध्ये वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी असतं. कोरड्या प्रावरणाच्या मानाने हा मोठाच साठा.

दुसरा प्रकार छुपा. खनिजं तीच, रंग तोच, सूक्ष्मदर्शकाखाली काहीही वावगं दिसत नाही. बदल असतो तो दशलक्षात काही भाग एवढ्याच प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांत. हा ओळखला गेला तो एका विसंगतीमुळे. पेरिडोटाइट अंशतः वितळून बेसाल्ट निघून गेला की मागे राहिलेल्या खडकातलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम कमी होतं. लँथॅनम, सेरियम यांसारखी हलकी विरल मृदा मूलद्रव्यं तर त्याहून आधी शिलारसाबरोबर निघून जायला हवीत, कारण त्यांचे मोठे आयन ऑलिव्हीनच्या जाळीत मावत नाहीत. पण फ्रे आणि ग्रीन या भूवैज्ञानिकांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया भागात ज्वालामुखींनी वर आणलेले प्रावरणाचे तुकडे तपासले, तेव्हा कॅल्शियम-ॲल्युमिनियमला कंगाल झालेल्या खडकांतच ही मूलद्रव्यं भरपूर निघाली. आधी एकदा गळती झाली आणि मग मागाहून कुणीतरी येऊन भर घालून गेलं, एवढाच अर्थ निघतो. पुढे १९८४ मध्ये डॉसन यांनी उघड आणि छुपा ही विभागणी नावानिशी मांडली.

तिसरा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो. आलेला शिलारस नवीन क्लायनोपायरॉक्सीन किंवा नवीन गार्नेट घालतो. ही खनिजं पेरिडोटाइटची घरचीच, त्यामुळे पाहणारा त्यांना मूळची समजतो. अतिशय सुपीक, कधीही न वितळलेलं आदिम प्रावरण म्हणून वर्णन झालेले काही तुकडे खरं तर आधी ओरबाडले गेलेले आणि नंतर पुन्हा भरलेले आहेत, असं आता मानलं जातं. गार्नेटच्या आतल्या रासायनिक पट्ट्या आणि समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) पाहिल्याशिवाय हा उलगडा होत नाही.

नेमकं काय आलं होतं, पाणी की शिलारस, हे खनिजांवरून ओळखता येतं?

बरंचसं येतं. दोन उदाहरणं समोरासमोर ठेवते.

पृथ्वीच्या पोटात खचणाऱ्या सागरी कवचातून सिलिका विरघळवून घेतलेला द्रायू किंवा शिलारस वर आला, तर तो ऑलिव्हीनला खातो आणि त्या जागी ऑर्थोपायरॉक्सीन बसवतो. कार्बोनेटी शिलारस नेमकं उलटं करतो. त्यातला डोलोमाइट ऑर्थोपायरॉक्सीनवर प्रक्रिया करतो, क्लायनोपायरॉक्सीन आणि ऑलिव्हीन तयार होतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ऑर्थोपायरॉक्सीन संपत आलेला, क्लायनोपायरॉक्सीनने भरलेला असा पेरिडोटाइट म्हणजे वेर्लाइट. तोच खडक, आणि पाहुणा बदलला की विरुद्ध दिशेचा प्रवास. मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती हे पहिल्यांदा समजलं तेव्हा.

रासायनिक खुणाही वेगळ्या. कार्बोनेटी शिलारस येऊन गेला असेल तर क्लायनोपायरॉक्सीनमध्ये लँथॅनमचं यटर्बियमशी प्रमाण खूप वाढतं, टायटॅनियमचं युरोपियमशी प्रमाण खाली जातं आणि झिर्कोनियम-हाफ्नियम मागे पडतात. खचणाऱ्या पट्ट्यातून आलेला पाणीदार द्रायू बेरियम, शिसं, स्ट्रॉन्शियम घेऊन येतो, पण नायोबियम, टँटलम, टायटॅनियम फारसं आणत नाही. बेसाल्टसारखा सिलिकेटी शिलारस लोह आणि टायटॅनियम वाढवतो.

मात्र एक खबरदारी घ्यायची. शिलारस झिरपत जातो तसतसा तो स्वतःही बदलतो. सुरुवातीला सिलिकेटी असलेला रस वाटेत खनिजं बनवत बनवत शेवटी कार्बोनेट आणि पाण्याने समृद्ध झालेला असू शकतो. तेव्हा दोन ठिकाणी दोन वेगळ्या खुणा दिसल्या, म्हणजे दोन वेगळे पाहुणे येऊन गेले असं घाईने लिहू नये. फार खोलवर तर पाणी आणि सिलिकेटी रस एकमेकांत पूर्ण मिसळतात, तिथे ‘द्रायू की शिलारस’ हा भेदच उरत नाही.

पाणी तिथे पोचतं कसं? आणि प्रावरणात महासागर दडलाय, ही बातमी खरी का?

समुद्रतळाशी पेरिडोटाइटला पाणी लागलं की ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन होतं. मॅग्नेटाइटही बनतो आणि हायड्रोजन सुटतो. सर्पेंटाइनमध्ये वजनाच्या सुमारे १३ टक्के पाणी बांधलेलं असतं. अशी भूपट्ट दुसऱ्याखाली खचली आणि तापमान साधारण ६००-७०० अंशांवर गेलं की सर्पेंटाइन मोडतं आणि पाणी वरच्या प्रावरणात सुटतं. पाण्याने वितळण्याचा उंबरठा काहीशे अंशांनी खाली येतो, म्हणून खचणाऱ्या भूपट्टांवर ज्वालामुखींच्या रांगा असतात.

बातमीचं मूळ २०१४ मधल्या शोधात आहे. ब्राझीलमधल्या जुइना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट हे खनिज सापडलं. ते सुमारे ५२० ते ६६० किलोमीटर खोलीवर टिकतं. त्यात वजनाच्या जवळपास १.५ टक्के पाणी होतं. पण हे पाणी ग्लासात ओतता येण्यासारखं नाही, ते स्फटिकाच्या जाळीत हायड्रॉक्सिलच्या रूपात अडकलेलं आहे. त्या थरात ठिकठिकाणी पाणी असू शकतं, इतकं खात्रीने म्हणता येतं. ‘महासागर’ हा शब्द मथळ्याचा.

इतक्या खोलवरचे दगड आपल्याला मिळतात कुठे?

ज्वालामुखी आणून देतात. वेगाने वर चढणारा शिलारस वाटेत भिंतींचे तुकडे उचलतो, त्यांना झेनोलिथ म्हणतात, म्हणजे पाहुणे दगड. आपल्याकडे कच्छमध्ये भुज परिसरातल्या अल्कधर्मी (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या) बेसाल्टमध्ये स्पिनेल पेरिडोटाइटचे हिरवे गोळे मिळतात. आंध्रातल्या अनंतपूर भागात वज्रकरूरला किंबर्लाइट, म्हणजे फार खोलवरून वेगाने वर आलेल्या शिलारसाचे खडक आहेत, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांनी गार्नेट असलेले खोलवरचे तुकडे वर आणले. आणि महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यालगतच्या लॅम्प्रोफायर नावाच्या गडद अल्कधर्मी खडकाच्या डाइकमध्ये, म्हणजे भेगेत गोठलेल्या शिलारसाच्या भिंतीत, प्रावरणाचे आणि कवचाच्या तळाचे तुकडे नोंदले गेले आहेत. ताम्हिणी उतरून समुद्र पाहायला जाणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. तिथे हातोडा चालवू नका. भरतीखाली झिजलेला पृष्ठभागच भिंगाने पाहायला सर्वात चांगला.

सरळ खोदूनही थोडं मिळालं आहे. २०२३ मध्ये अटलांटिक महासागरातल्या अटलांटिस मासिफवर, जिथे प्रावरणाचा खडक समुद्रतळाशी उघडा पडला आहे, १,२६८ मीटर खोल भोक पाडून त्या खडकाचा लांब दंडगोल नमुना काढला गेला. त्यातला बहुतेक पेरिडोटाइट सर्पेंटाइनमध्ये बदललेला होता.

तुकड्यातला बदल खोलवर झाला की वर येताना, हे कसं ओळखायचं?

विद्यार्थ्यांचा हा सर्वात रास्त प्रश्न. वर येताना आणि वर आल्यावर बरंच काही घडतं. गार्नेटभोवती केलिफाइटची बारीक तंतुमय कड येते. क्लायनोपायरॉक्सीनची कड स्पंजासारखी सच्छिद्र होते. यजमान लाव्हा कडाकडांतून आत घुसून काच ठेवतो. जमिनीवर पावसाने कॅल्साइटच्या शिरा आणि सर्पेंटाइन होतं. हे सगळं खोलवरच्या बदलाच्या खात्यावर लिहिलं तर हिशेब चुकतो.

खोलवर झालेल्या जुन्या बदलाच्या खुणा शांत असतात. अभ्रक आणि ऑलिव्हीन यांच्या कडा सरळ, तीन कण भेटतात तिथे जवळपास १२० अंशांचे कोन, आणि कणाच्या मध्यापासून कडेपर्यंत रसायन सारखं. घाईच्या खुणा उलट: दातेरी कडा, काच, मध्य एक आणि कड दुसरी.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत नमुन्यांची आवराआवर चालली होती. ज्या तुकड्यांत अभ्रकाच्या काळपट शिरा होत्या, त्यांवर ‘खराब’ असा शेरा पडला आणि ते वेगळ्या टोपलीत गेले, कारण विश्लेषणाला ‘स्वच्छ’ पेरिडोटाइट हवा होता. ती टोपली पुढे कुणाला दिसली नाही. त्या तुकड्यांना शिरेपासून आडवं कापलं असतं, तर झिरपण कुठवर पोचली आणि कोणतं मूलद्रव्य आधी पुढे गेलं, हे मिलीमीटरच्या हिशेबात मोजता आलं असतं. मला अजून त्याची हळहळ वाटते, आणि म्हणूनच मी विद्यार्थ्यांना कुठलाही नमुना शेरा न मारता नोंदवायला लावते.

या बदलाला किती वेळ लागतो?

काही वर्षांपासून अब्जावधी वर्षांपर्यंत. हजार-बाराशे अंशांवर मूलद्रव्यं कणाच्या आत पसरत राहतात आणि वेळ मिळाला तर पट्ट्या पुसून टाकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही गार्नेटमध्ये टायटॅनियम आणि झिर्कोनियमने भरलेली कड अजून स्पष्ट आहे. म्हणजे शिलारस झिरपला आणि भूवैज्ञानिक हिशेबात लगेचच किंबर्लाइटने तो तुकडा उचलला. उलट, काही अभ्रकी पेरिडोटाइटमध्ये समस्थानिकांचं प्रमाण इतकं वेगळं झालेलं असतं की तिथली भर अब्जावधी वर्षं शांत पडून होती, असंच म्हणावं लागतं.

हिऱ्यांचा याच्याशी काय संबंध?

अगदी थेट. बहुतेक हिरे प्रावरणात कार्बन असलेल्या द्रायूतून किंवा शिलारसातून वाढतात. त्या द्रायूची खडकाशी प्रक्रिया होऊन ऑक्सिजनचं गणित बदलतं आणि कार्बन बाहेर पडतो. धाग्यासारखी वाढ असलेल्या धुरकट हिऱ्यांत हा द्रायू थेंबाथेंबाने बंद होऊन राहतो. दागिन्यांच्या बाजारात त्यांना किंमत नाही, पण प्रावरणातला द्रायू जसाच्या तसा हाती देणारं दुसरं साधन मला माहीत नाही. त्यांच्या पोटात खारे, सिलिकेटी आणि कार्बोनेटी असे द्रायू सापडले आहेत. खाऱ्या प्रकारात क्लोरीन, पोटॅशियम, सोडियम भरपूर असतात.

तोच प्रकार हिरा घालवतोही. ऑक्सिजन देणारा शिलारस भेटला की अष्टफलकी हिऱ्याच्या कडा विरघळून गोल होतात, कधी तो संपूनच जातो.

दख्खनच्या लाव्हाशी याचं काही नातं?

आहे, पण प्रमाण ओळखून बोलायला हवं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला बेसाल्टचा प्रचंड साठा तयार व्हायला खोलवरून आलेली उष्णता लागली. त्यात कवचाखालच्या जुन्या, बदललेल्या प्रावरणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याच काळातले अल्कधर्मी खडक, मुरुडचे लॅम्प्रोफायर किंवा गुजरातेतल्या अंबाडुंगरचा कार्बोनेटाइट (कार्बोनेटी शिलारस गोठून झालेला खडक), यांना पाणी, कार्बन आणि पोटॅशियमने आधीच भरलेलं प्रावरण लागतं. फ्लोगोपाइट किंवा कार्बोनेट असलेला भाग कोरड्या पेरिडोटाइटच्या आधी वितळतो, म्हणून थोड्याशा उष्णतेनेही असे रस सुटतात.

कोयनेचे भूकंप यामुळेच होतात का?

नाही. ते कवचाच्या वरच्या दहा किलोमीटरच्या आसपासचे आहेत आणि जलाशयाशी जोडलेले आहेत. खचणाऱ्या भूपट्टांत ७० ते ३०० किलोमीटरवर होणाऱ्या भूकंपांचं एक स्पष्टीकरण मात्र सर्पेंटाइनसारख्या खनिजांतून सुटणारं पाणी हे आहे.

पुण्यात राहून हे शिकायचं, पाहायचं असेल तर?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि फर्ग्युसन महाविद्यालयात भूविज्ञान शिकवलं जातं, आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे. विद्यार्थी नसाल तर आधी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर बसायची संधी शोधा. ०.०३ मिलीमीटर जाडीच्या चकतीत ऑलिव्हीन निळ्या-गुलाबी-पिवळ्या रंगांत झगमगतो. अभ्रकाची पत्री मंच फिरवला की फिकट पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत रंग बदलते. रंग पाहून झाले की पत्रीच्या कडेवर थांबा. ती कड ऑलिव्हीनला सरळ टेकली आहे की मध्ये काचेची पट्टी आहे, ते वहीत पेन्सिलीने काढा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ती पट्टी हमखास सुटते, हाताने रेघ ओढताना मात्र तिथे अडखळायला होतं.